पेगन मंडळांची समाजसेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला फूड बँकेत (गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रात) शिधा लावताना, रक्तदान शिबिरात किंवा हमरस्त्याच्या कडेला कचरा वेचताना कधीतरी ‘आम्ही पेगन मंडळाकडून आलोय’ असं सांगणारं कुणी भेटतं. हे लोक कोण, ते काय करतात, कसं करतात आणि त्यांच्यासोबत काम करायचं असेल तर काय माहीत हवं, याची उत्तरं इथे दिली आहेत. माहिती मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेची आहे, कारण संघटित पेगन सेवाकार्य तिथेच जास्त आहे.

पेगन म्हणजे नेमके कोण?

ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या युरोपातली दैवतं, ऋतुचक्र आणि भूमी यांच्याशी पुन्हा नातं जोडणारे आजचे लोक. हा एक धर्म नाही. विक्का म्हणजे आधुनिक चेटूकविद्येचा धर्म मानणारे, प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे ड्रुइड, ओडिन-थॉर या नॉर्स देवतांना मानणारे हीदन, ग्रीक दैवतांची उपासना करणारे असे अनेक पंथ त्यात येतात आणि त्यांचं आपसात बऱ्याच गोष्टींवर एकमत नसतं. शब्दकोशात दिसणारा ‘मूर्तिपूजक’ हा अर्थ इथे दिशाभूल करतो, कारण कित्येक पेगनांकडे मूर्तीच नसते. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी स्वतःचा धर्म ‘पेगन’ लिहिला, आणखी १३ हजारांनी ‘विक्का’. अमेरिकेच्या जनगणनेत धर्म विचारत नाहीत, त्यामुळे तिथला नेमका आकडा सांगता येत नाही.

यांची रुग्णालयं, शाळा, अनाथाश्रम का दिसत नाहीत?

कारण त्यांची घडणच वेगळी आहे. विक्काचं एक मंडळ, म्हणजे कव्हन, परंपरेनं तेरा जणांच्या आतलं असतं. पूजा कुणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा रानात होते. स्वतःची इमारत नाही, पगारी पुरोहित नाही, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देण्याची प्रथा नाही. महिन्याकाठी पबच्या वरच्या खोलीत जमणाऱ्या ‘मूट’मध्ये टोपी फिरवली तर खोलीचं भाडं निघतं, फार तर थोडे पैसे उरतात.

म्हणून पेगन मंडळ काय देऊ शकतं याचं खरं उत्तर ‘दोन हात आणि शनिवारची सकाळ’ असं आहे. स्वतःची संस्था उभी करण्यापेक्षा चालू असलेल्या संस्थेला माणसं पुरवणं हाच त्यांचा सर्वांत यशस्वी मार्ग ठरला आहे. आठ जणांच्या मंडळानं स्वतःची फूड बँक काढायची म्हटली तर ती सहसा पहिल्याच हिवाळ्यात थकते. तेच आठ जण गावातल्या फूड बँकेत आळीपाळीनं दर शनिवारी दोघे दोघे गेले, तर वर्षानुवर्षं जाऊ शकतात.

या धर्मांत दान करायला सांगितलं आहे का?

ठरावीक टक्क्यांची आज्ञा कुठेच नाही. पण हीदन मंडळी ‘हावामाल’ या जुन्या नॉर्स काव्याचा आधार घेतात: थंडीतून गुडघे गारठून आलेल्या पाहुण्याला आधी शेकोटी हवी, मग अन्न आणि कोरडे कपडे. देण्याघेण्यातूनच नातं टिकतं, हे त्याच काव्यात पुन्हा पुन्हा येतं. ग्रीक परंपरेत पाहुणा आणि याचक झ्यूसच्या संरक्षणाखाली असतात. विक्कात ‘कुणाला इजा न करता हवं ते कर’ असं वचन आहे. ते दान करायला सांगत नाही, पण बरेच विक्कन त्यातून ‘निदान कुणाचं बिघडवू नकोस, जमलं तर सुधार’ असा अर्थ काढतात. आणि भूमी पवित्र मानणाऱ्याला तिच्यावरचा कचरा उचलण्यासाठी वेगळी आज्ञा लागत नाही.

‘पेगन प्राइड डे’ला शिधा का गोळा करतात?

पेगन प्राइड हा उपक्रम अमेरिकेत सुरू झाला आणि १९९८ पासून गावोगावी त्याचे मेळावे भरतात. सर्वांना खुला विधी आणि प्रसारमाध्यमांशी संपर्क याबरोबरच शिधा गोळा करणं किंवा दुसरं काही दानकार्य हा त्याचा ठरलेला भाग आहे. बहुतेक मेळावे सप्टेंबरमध्ये, शरद संपाताच्या म्हणजे २२ सप्टेंबरच्या आगेमागे होतात. पेगन ऋतुचक्रात हा सुगीचा सण. आपल्या घरात आलेल्या धान्यातला वाटा दुसऱ्याच्या घरात जावा हा विचार त्या दिवसाला शोभतो. त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे: उन्हाळ्यात फूड बँकांच्या फळ्या रिकाम्या होतात आणि नाताळची देणगी यायला अजून अवकाश असतो.

शिधा गोळा करण्याचं नियोजन कसं करावं?

सहा ते आठ आठवडे आधी फूड बँकेला फोन करा. चार गोष्टी विचारून घ्या: सध्या काय कमी आहे, काय अजिबात नको, माल कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत स्वीकारता, आणि वजन तुम्ही करता की आम्ही करायचं. तिसरा प्रश्न विसरणं ही नव्या मंडळांची सर्वांत मोठी चूक. मेळावा असतो शनिवारी किंवा रविवारी, संध्याकाळी पाचला सगळं आवरतं आणि फूड बँकेचं दार मंगळवारपर्यंत बंद. मग वीस खोकी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जातात आणि तिथे उंदीर लागतात. त्यामुळे कोरडी, कुलूप असलेली जागा आधीच ठरवा.

पत्रकावर ‘अन्नदान करा’ एवढंच छापलं तर लोक घरातल्या कपाटाच्या तळाशी पडलेलं आणतात, आणि ते बहुधा वाटाण्या-घेवड्याचे डबे असतात. पत्रकावर पाच-सहाच वस्तू नावानिशी छापा. अमेरिकेत सहसा पीनट बटर, टूना किंवा चिकनचे डबे, तांदूळ, नाश्त्याचं सिरियल, डबाबंद फळं आणि लहान मुलांचे डायपर लागतात. ब्रिटनमध्ये टिकाऊ दूध, डबाबंद मांस-मासे, फळांचा रस, पास्ता सॉस, साबण-शाम्पू आणि सॅनिटरी पॅड. तुमच्या गावातल्या बँकेची यादी वेगळी असेल तर तीच खरी.

शक्यतो झाकणाला कडी असलेले डबे मागा. रस्त्यावर किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्याकडे डबा उघडायचं हत्यार नसतं. काचेच्या बरण्या टाळा, कारण एक फुटली की खोक्यातलं बाकी सगळं टाकून द्यावं लागतं.

मैदानावर दोन ठिकाणी मेजं मांडा, एक प्रवेशाजवळ आणि एक मुख्य विधीच्या जागेजवळ. प्रवेशशुल्काच्या जागी ‘एक डबा आणा’ असं सांगितलं तर आवक बरीच वाढते, पण डबा नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका. मेळाव्याला आलेल्यांतच कुणाला त्या शिध्याची गरज असू शकते.

माल आला की तिथेच तारखा पाहा. ब्रिटनमध्ये ‘यूज बाय’ तारीख उलटलेला पदार्थ कायद्यानं वाटता येत नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चवीची असते, तरी उलटलेला माल न्यायच्या आधी फूड बँकेला विचारा. फुगलेला, कडेच्या शिवणीवर चेपलेला किंवा गंजलेला डबा बाजूला काढा. एका खोक्यात २४ डबे पुरेत, म्हणजे साधारण १२ किलो होतात. केळ्यांच्या मोठ्या खोक्यात काठोकाठ डबे भरले तर तळ फाटतो किंवा उचलणाऱ्याची पाठ धरते.

अमेरिकेत वजनावरून जेवणं मोजताना १.२ पौंड म्हणजे एक जेवण असं धरतात. ३०० पौंड शिधा म्हणजे साधारण २५० जेवणं. आकडा जाहीर करायचा असेल तर फूड बँकेच्या पावतीवरचं वजनच सांगा, अंदाज नको.

घरी केलेलं लोणचं, जॅम, मीड, औषधी मलम देता येतं का?

नाही. पेगन घरांत हे सगळं प्रेमानं केलं जातं, म्हणून हा प्रश्न दरवर्षी येतो. घरी डबाबंद केलेल्या भाज्यांत आम्लता कमी असली आणि उष्णता पुरेशी मिळाली नसली तर बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढतात; वास आणि चव अगदी ठीक असूनही. फूड बँकेला त्या बरणीचा इतिहास कळू शकत नाही, म्हणून ती सरसकट नाकारली जाते. मीड म्हणजे मधाची दारू, आणि दारू फूड बँका घेत नाहीत. मलम-काढ्यांचा प्रश्न ॲलर्जीचा आहे. मीड सोडून बाकीचं, स्थानिक नियमांत बसत असेल तर, मेळाव्यातल्या विक्रीच्या मेजावर ठेवा, नियमांप्रमाणे लेबल लावा आणि आलेले पैसे द्या.

अमेरिकेत १९९६ चा बिल इमर्सन कायदा चांगल्या हेतूनं अन्न देणाऱ्याला संरक्षण देतो. पण ते संरक्षण घोर निष्काळजीपणाला लागू होत नाही.

वस्तू द्याव्यात की पैसे?

फूड बँकेला विचारलं तर बहुधा पैसे. ती घाऊक भावात घेते, आणि भाडं, वीज, गाडीचं इंधन डब्यांतून निघत नाही. तरीही डबे गोळा करण्याला अर्थ आहे: पाच डॉलर द्यायला लाजणारा माणूस दोन डबे आनंदानं आणतो, आणि मुलांना देणं म्हणजे काय हे डब्यातून समजतं. मेजावर डब्यांच्या शेजारी कुलूपबंद दानपेटी ठेवली की दोन्ही साधतं. पेटी उघडताना एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन माणसं हजर हवीत, आणि दोघांची सही त्याच क्षणी कागदावर.

रक्तदानात काही खास अडचणी येतात का?

येतात, आणि त्या आधी सांगितल्या तर निम्मे लोक परत पाठवले जाणं टळतं.

पहिली अडचण गोंदण. पेगन समाजात गोंदणाची आवड मोठी आहे. ब्रिटनमध्ये नवं गोंदण किंवा अंगावर छिद्र पाडून घेतल्यावर चार महिने रक्त देता येत नाही. अमेरिकेत राज्याच्या नियमनाखालच्या दुकानात गोंदलं असेल तर सहसा थांबावं लागत नाही, नाहीतर तीन महिने.

दुसरी अडचण उपास. मोठ्या विधीआधी काही जण दिवसभर खात नाहीत. विधीच्याच दिवशी शिबिर ठेवलं तर रिकाम्या पोटी आलेले लोक चक्कर येऊन पडतात. शिबिर विधीच्या आधीच्या आठवड्यात ठेवा. देण्याआधी नीट जेवण आणि अर्धा लिटर पाणी, नंतर पंधरा मिनिटं बसून काहीतरी गोड.

वजन किमान ५० किलो हवं. ब्रिटनमध्ये एका वेळी सुमारे ४७० मिलिलिटर रक्त घेतात. पुरुष १२ आठवड्यांनी आणि स्त्रिया १६ आठवड्यांनी पुन्हा देऊ शकतात. अमेरिकेत हे अंतर ५६ दिवसांचं आहे. पेगन वर्षात आठ सण साधारण साडेसहा आठवड्यांच्या अंतरानं येतात, त्यामुळे ‘दर दुसऱ्या सणाला रक्तदान’ हे वेळापत्रक लक्षात ठेवायला सोपं जातं. ब्रिटनमधल्या स्त्रियांनी मात्र दर तिसऱ्या सणाला, कारण दोन सणांत १३ आठवडेच होतात.

प्राचीन स्थळांची सफाई कशी करतात? दगड धुतले तर चालतात का?

दगड धुवू नका, घासू नका, त्यांच्यावरचं मेणही खरवडू नका. हाच मुद्दा सर्वांत जास्त चुकतो.

इंग्लंडमधल्या एव्हबरीची शिळावर्तुळं, त्याजवळचं वेस्ट केनेट लाँग बॅरो हे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी दफनगृह, स्टोनहेंज, कॉर्नवॉलमधल्या जुन्या विहिरी, ही पेगनांची तीर्थक्षेत्रं. उपासक येतात, भक्तिभावानं काहीतरी ठेवतात आणि निघून जातात. मागे राहतात छोट्या मेणबत्त्यांच्या ॲल्युमिनियमच्या वाट्या, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली फुलं, फिती, स्फटिक, नाणी, फळांच्या साली. बंदिस्त दफनगृहात मेणबत्तीची काजळी दगडावर बसते. ज्योतीच्या उष्णतेनं दगडाचे पापुद्रे निघतात. दगडावरचं दगडफूल वाढायला शेकडो वर्षं लागलेली असतात, ते एका रात्रीत जळतं. मीठ टाकलं तर गवत मरतं. धान्यानं उंदीर येतात, आणि उंदीर व ससे बिळं करून आतले पुरातत्त्वीय थर उकरतात.

ही सफाई पेगन मंडळांनी करणं रास्त आहे, कारण यातला बराच कचरा त्यांच्याच परंपरेतला आहे. आणि ‘ही पूजा आहे की कचरा’ हे त्यांना जितकं कळतं तितकं बाहेरच्याला कळत नाही.

काम असं चालतं. आधी व्यवस्थापकाची परवानगी घ्यायची. एव्हबरीत ते काम नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था पाहते. सणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जायचं, म्हणजे उन्हाळी अयनानंतर २२-२३ जूनला किंवा ऑक्टोबरअखेरच्या साउइन (Samhain) सणानंतर २ नोव्हेंबरला. सणाच्याच रात्री गेलात तर लोकांची पूजा सुरू असते आणि वाद होतात. सोबत जाड हातमोजे, कचरा उचलायचा चिमटा, दोन रंगांच्या पिशव्या, टॉर्च. एका पिशवीत धातू-प्लॅस्टिक, दुसरीत फुलं-फळं. फक्त वर पडलेलंच उचलायचं. १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित जागेत खणणं, दगड हलवणं, परवान्याशिवाय धातुशोधक यंत्र वापरणं हे गुन्हे आहेत, त्यामुळे जमिनीत अर्धं रुतलेलं नाणंसुद्धा तसंच ठेवून कळवायचं. दगडावर मेण किंवा रंग दिसला तर फोटो काढून जागा कळवा, बाकी काम संवर्धन करणाऱ्यांचं. सुई सापडली तर हात लावू नका. राख गार झालीय असं कधीच गृहीत धरू नका. राख अस्थींची असावी असं वाटलं तर थांबा आणि व्यवस्थापकाला बोलवा. तिथे कुणाचं तरी दुःख आहे.

झाडाला बांधलेल्या फितींचा प्रश्न नाजूक. विहिरीजवळच्या झाडाला चिंधी बांधून आजार बरा व्हावा अशी प्रार्थना करणं ही ब्रिटन-आयर्लंडमधली जुनी चाल. चिंधी कुजली की आजार जातो, अशी श्रद्धा. वडाला दोरा गुंडाळणाऱ्या मराठी माणसाला यातला भाव लगेच कळेल. अडचण नायलॉनची आहे: ते कुजत नाही आणि फांदी जाड होऊ लागली की तिला आवळून मारतं. म्हणून सुती चिंध्या राहू देतात, नायलॉनच्या तेवढ्या कात्रीनं अलगद सोडवतात. कुणाची प्रार्थना कापतोय ही जाणीव असू द्या. बरीच मंडळं कापण्याआधी दोन शब्द म्हणतात.

मग अर्पण काय करावं?

विहिरीच्या काठाशी, पाण्यात न मिसळता, घरून आणलेलं थोडं साधं पाणी जमिनीवर ओतणं, गाणं, स्वतःचा एखादा केस. आणि सर्वांत चांगलं अर्पण म्हणजे जाताना तिथली एक पिशवी कचरा घेऊन जाणं.

अमेरिकेत रस्त्याच्या पाटीवर पेगन मंडळाचं नाव दिसतं ते काय?

तो रस्ता दत्तक घेण्याचा उपक्रम आहे. १९८५ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी तो सुरू झाला. टेक्सासच्या नियमांनुसार मंडळ दोन मैलांचा पट्टा दोन वर्षांसाठी घेतं आणि वर्षातून चार वेळा साफ करतं. बदल्यात सरकार पाटीवर मंडळाचं नाव लावतं. इतर राज्यांचे नियम थोडेफार वेगळे आहेत. नारिंगी जाकीट, बंद बूट, समोरून येणाऱ्या रहदारीकडे तोंड करून चालणं आणि मुलांच्या वयाची अट सगळीकडे असते.

पाटीचा मोह मोठा असतो. चार सफाया म्हणजे वर्षाला चार सकाळी आणि प्रत्येक वेळी निदान सहा-आठ माणसं. तेवढी नसतील तर पाटी घेऊ नका. पाटीखाली साचलेला कचरा पूर्ण गावाला दिसतो.

तुरुंगात पेगन स्वयंसेवक काय करतात?

ब्रिटनमध्ये पेगन कैद्यांना भेटायला पेगन धर्मसेवक जातात. १९७१ मध्ये स्थापन झालेलं पेगन फेडरेशन या कामात बराच काळ आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये ‘डेटमर विरुद्ध लँडन’ खटल्यात संघीय अपील न्यायालयानं विक्का हा धर्म आहे असं मानलं. पुढे २००५ मध्ये ‘कटर विरुद्ध विल्किन्सन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कैद्यांच्या धार्मिक हक्कांचा कायदा वैध ठरवला. तो खटला भरणाऱ्या ओहायोतल्या कैद्यांत विक्कन आणि नॉर्स दैवतांना मानणारेही होते.

काम बाहेरून वाटतं त्याहून बरंच साधं आहे. महिन्यातून एक-दोनदा जायचं, तासभर बोलायचं, ऐकायचं, एखादा छोटा विधी करायचा. सुरक्षा तपासणीला काही महिने लागतात. ब्रिटनमधल्या नियमांत झग्याला टोपी चालत नाही, कारण चेहरा ओळखता आला पाहिजे. विधीची छडी लवचिक डहाळीची हवी, विधीची सुरी तर नाहीच. कैद्याचा निरोप बाहेर नेणं, त्याला स्वतःचा पत्ता देणं, ‘एवढंच एक पत्र टाका’ याला हो म्हणणं, यातून चांगले स्वयंसेवक गमावले जातात. नकार प्रेमानं द्या, पण द्याच. आणि कबूल केलेली भेट चुकवू नका. आत बसलेला माणूस त्या तासासाठी दिवस मोजत असतो.

सैनिकांच्या थडग्यावर पंचकोनी तारा, हे काय प्रकरण होतं?

अमेरिकी सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारले गेले. ते विक्कन होते, पण वर्तुळातल्या तारकाचिन्हाला सरकारी स्मृतिशिळांवर परवानगी नव्हती. त्यांची पत्नी, विस्कॉन्सिनमधलं सर्कल सँक्च्युअरी (सेलेना फॉक्स यांनी १९७४ मध्ये स्थापलेलं) आणि इतरांनी कायदेशीर लढा दिला. एप्रिल २००७ मध्ये सरकारनं चिन्ह मान्य केलं. स्वतःच्या समाजातल्या शोकाकुल कुटुंबासाठी कागदपत्रं करणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि त्याला डबे गोळा करण्याहून जास्त चिकाटी लागते.

पूर, वादळ आलं तर थेट मदतीला निघावं का?

ठरलेल्या संस्थेनं बोलावल्याशिवाय नाही. २००५ च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये स्टारहॉक यांच्यासारखे पेगन कार्यकर्ते स्थानिक लोकांनी उभ्या केलेल्या मदतगटांसोबत काम करत होते. ते जमलं कारण तिथल्या माणसांशी त्यांचा दुवा होता आणि ते स्वतःची सोय स्वतः करत होते. दुवा नसताना गेलेला गट पाणी, जागा आणि पेट्रोल खातो. जुने कपडे तर पाठवूच नका. ते वेगळे करायला माणसं लागतात आणि बरेचसे पावसात कुजतात. पैसे पाठवा, आणि सहा महिन्यांनी, बातम्या थांबल्यावर, पुन्हा पाठवा.

नोंदणी, कर, पावत्या यांचं काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये वार्षिक उत्पन्न ५,००० पौंडांच्या वर गेलं की धर्मादाय संस्थेला सहसा चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते. कायद्यात धर्माच्या व्याख्येत अनेक देव मानणारे आणि एकही देव न मानणारे धर्मही येतात. २०१० मध्ये ड्रुइड नेटवर्कला धर्मादाय म्हणून मान्यता मिळाली. अर्जात नुसती श्रद्धा पुरत नाही. समाजाला होणारा फायदा दाखवावा लागतो. सेवाकार्याची नोंदवही नीट ठेवलेली असेल तर तिथे ती उपयोगी पडते. नोंदणीकृत संस्थेला ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्या दात्याच्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स ‘गिफ्ट एड’ म्हणून सरकारकडून मिळतात.

लहान मंडळानं नोंदणीच्या फंदात न पडता पैसे थेट फूड बँकेच्या खात्यात जातील अशी सोय केलेली बरी. पैसे कधीच एका व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यातून फिरवू नका. हिशेब चोख असला तरी संशय राहतो आणि लहान मंडळं बहुधा संशयानंच फुटतात. दोन सह्यांचं खातं उघडा, मेळाव्यानंतर दोन आठवड्यांत पावतीचा फोटो सर्वांना पाठवा.

चर्चच्या फूड बँकेनं पेगन मंडळाला नाकारलं तर?

हे पूर्वीपेक्षा कमी झालंय, पण होतं. बहुतेक चर्चमधल्या फूड बँका कुणाकडूनही घेतात आणि कुणालाही देतात. नकार मिळाला तर वाद घालू नका, वृत्तपत्राकडे धावू नका. माल जवळच्या दुसऱ्या केंद्राला द्या, कारण भूक दोन्हीकडे तीच आहे. स्वीकार झाला तर तिथल्या रिवाजाचा मान ठेवा: जेवणाआधी प्रार्थना होत असेल तर शांत उभं राहा.

उलट बाजूही आहे. शिध्याच्या पिशवीत स्वतःच्या पंथाचं पत्रक घालू नका. पेगन परंपरांत धर्मप्रसार करत नाहीत, आणि गरजू माणसाला तर तो अजिबातच करू नये. नाव सांगायचंच असेल तर टी-शर्टवर पुरेसं आहे.

आपण पेगन आहोत हे लपवणारे स्वयंसेवक असतात का?

हो, अजूनही. नोकरी जाईल, घटस्फोटात मुलांचा ताबा जाईल या भीतीनं कित्येक जण घराबाहेर सांगत नाहीत. म्हणून समूहफोटो काढण्याआधी विचारा आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. फूड बँकेच्या यादीत मात्र खरंच नाव द्यावं लागतं. विधीत वापरायचं नाव तिथे चालत नाही, विशेषतः जिथे मुलं किंवा असहाय प्रौढ असतात तिथे. ब्रिटनमध्ये अशा कामांसाठी पार्श्वभूमी तपासणी होते. पात्र स्वयंसेवकांसाठी ती सरकारी शुल्काविना असते.

आमचं महाराष्ट्र मंडळ त्यांच्यासोबत काम करू शकतं का?

नक्कीच, आणि वेळ छान जुळते. त्यांची सुगी सप्टेंबरच्या शेवटी, आपली दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दोघांनी ठरवून दिलं तर फूड बँकेला एकदम ढीग येण्याऐवजी दोन महिने माल पुरतो. तांदूळ द्यायचा असेल तर अर्ध्या किंवा एक किलोच्या बंद पाकिटांत द्या. वीस पौंडांची मोठी गोणी लहान केंद्रांना फोडून वाटता येत नाही, कारण सुटं अन्न पुन्हा भरायला वेगळी स्वयंपाकघराची सोय लागते. डाळ देताना ती कशी शिजवायची याची दोन ओळींची चिठ्ठी जोडा, नाहीतर ती फळीवरच राहते. घरच्या चकल्या आणि बेसनाचे लाडू तिथे चालणार नाहीत. ते स्वयंसेवकांच्या चहाच्या वेळेसाठी न्या.

एक काळजी घ्या. ‘म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच’ असं पहिल्याच भेटीत म्हणू नका. काही पेगन हिंदू परंपरेकडे आपुलकीनं पाहतात. २००३ मध्ये मुंबईत प्राचीन परंपरांच्या ज्येष्ठांची परिषद भरली तेव्हा युरोपातूनही लोक आले होते. पण बऱ्याच जणांना आपला मार्ग युरोपच्या मातीतलाच वाटतो. तसंच आपल्याकडच्या देवराया किंवा आदिवासी दैवतांना ‘पेगन’ म्हणणं ती दैवतं मानणाऱ्या लोकांना रुचेलच असं नाही.

किती माणसं असली की सुरुवात करावी?

तिघं पुरतात. महिन्यातला एक ठरलेला दिवस आणि एकच संस्था निवडा. एकानं फूड बँकेच्या समन्वयकाशी बोलायचं, दुसऱ्यानं वही सांभाळायची, तिसऱ्याकडे गाडी हवी. वहीत तारीख, कोण आलं, किती तास, काय दिलं आणि काय परत आलं एवढंच लिहा. ‘काय परत आलं’ हा रकाना सोडू नका. पुढच्या वेळी पत्रकावर काय छापायचं ते त्यातूनच कळतं.